विसरा म्हणणाऱ्यांची झडती



'झालं गेलं विसरा' असं जो म्हणतो त्याची आधी झडती घ्या. हे मी रागानं लिहीत नाही, हिशेबानं लिहितो. ज्याचं घर लुटलं त्याला विसरणं परवडत नाही. संध्याकाळी चूल पेटवायची वेळ झाली की त्याला आठवतंच. विसरणं परवडतं ते ज्याच्या फडताळात लुटीची भांडी मांडलेली असतात त्याला.

गेल्या महिन्यात फोर्टातल्या एका हॉलात जाहीर व्याख्यान झालं. विषय : राष्ट्रवाद, वंशसंहार आणि इतिहासाची स्मृती. पाळी सुटल्यावर घामेजल्या कपड्यांत तसाच गेलो. प्रोफेसर इंग्रजीत बोलले. माझं इंग्रजी मॅट्रिकचं. जे सुटलं ते पुढचे रविवार वाचनालयात बसून भरून काढलं. भाषणाशी माझं भांडण नाही. माणूस अभ्यासू होता, शेपूट घालून बोलत नव्हता. माझं भांडण दोन वाक्यांशी आहे.

पहिलं वाक्य हॉलातलं. पुढच्या रांगेतले एक पांढरपेशे गृहस्थ उठले आणि म्हणाले, "शंभर वर्षांपूर्वीची मढी उकरून काय मिळणार? राष्ट्राला पुढं जायचं असतं." टाळ्या पडल्या. दुसरं वाक्य बाहेर, चहाच्या टपरीवरचं. आपल्यातलाच एक पोरगा म्हणाला, "यार, आपलापण जेनोसाईडच चाललाय. आपणच इथले आर्मेनियन." त्याला टाळ्या नाही पडल्या, पण सगळ्यांनी माना डोलावल्या.

दोन्ही वाक्यं मला खुपली. उत्तर द्यायचं तर आधी आर्मेनियन कोण, त्यांचं काय झालं ते सांगायला हवं.

तुर्कांच्या उस्मानी साम्राज्यात आर्मेनियन नावाचे ख्रिस्ती लोक शेकडो वर्षं नांदत होते. शेतकरी, सुतार, लोहार, सराफ, मास्तर. पिढ्यान्‌पिढ्या मुसलमान प्रजेच्या एक पायरी खाली. १८९४ ते १८९६ या काळात सुलतान अब्दुल हमीदच्या राज्यात त्यांच्या मोठ्या कत्तली झाल्या. मग १९०८ साली तरुण तुर्कांनी क्रांती केली. स्वातंत्र्य, समता, बंधुता, न्याय अशा घोषणा झाल्या. इस्तंबूलच्या रस्त्यावर तुर्कांनी आर्मेनियनांना मिठ्या मारल्या. पुढच्याच वर्षी अदाना भागात हजारो आर्मेनियन कापले गेले. १९१२-१३ च्या बाल्कन युद्धात साम्राज्याचे तुकडे पडले. उरलेला तुकडा तरी निव्वळ आपला पाहिजे, असं तलात आणि एन्व्हर यांच्या पक्षानं मनात घेतलं. समतेच्या घोषणा देत आलेले लोक सात वर्षांत मारेकरी झाले. घोषणांवर भाळणाऱ्यांनी एवढं साल लक्षात ठेवावं.

२४ एप्रिल १९१५ च्या रात्री इस्तंबूलमध्ये अडीचशेच्या आसपास माणसं उचलली. त्यांत दरोडेखोर नव्हते, बंदूकवालेही नव्हते. कवी, संपादक, वकील, डॉक्टर, मास्तर. जमात मुकी करायची तर आधी तिची जीभ छाटतात. दानियेल वारुझान हा ३१ वर्षांचा कवी त्यांतलाच. ऑगस्टात त्याला रानात नेऊन मारलं. त्याच्या अपुऱ्या कवितांचं बाड पोलिसांनी नेलं होतं. मागं राहिलेल्यांनी लाच चारून ते सोडवलं आणि १९२१ साली छापलं. नाव होतं 'भाकरीचं गाणं'.

लष्करातल्या आर्मेनियन जवानांच्या बंदुका त्याआधीच काढून घेतल्या होत्या. त्यांना 'अमेले ताबुरू'मध्ये घातलं. म्हणजे मजुरांच्या पलटणी. रस्ते खणा, ओझी वाहा. काम झालं की टोळीची टोळी दरीच्या कडेला उभी करून उडवायची. ओझं वाहणाऱ्या माणसाला हे वाचताना पाठीच्या कण्यात कसं होतं ते मी लिहू शकत नाही.

मेच्या अखेरीस हद्दपारीचा कायदा निघाला. गावंच्या गावं रिकामी केली. बाया, म्हातारे, पोरं यांना सीरियाच्या वाळवंटात देर-एझ-झोरकडे पायी हाकललं. वाटेत लूट, बलात्कार, उपासमार, तहान. युफ्रेटिस नदी प्रेतांनी भरली. अभ्यासक मेलेल्यांचा आकडा दहा लाखांच्या आसपास धरतात, काही पंधरा लाखांपर्यंत नेतात.

आता त्या पांढरपेशा गृहस्थांच्या प्रश्नाकडं येतो. मढी उकरून काय मिळणार? साहेब, मढ्याखाली सातबारा मिळतो.

गोदीत काम करणाऱ्याला 'बेवारस माल' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. जहाजातून माल उतरतो, मालक सोडवायला येत नाही, मुदत संपते, लिलाव होतो. मालक आला नाही म्हणून माल बेवारस. उस्मानी सरकारनं उलटं केलं. आधी मालकाला वाळवंटात हाकललं आणि मग त्याच्या घराला, शेताला, दुकानाला, चर्चला, दुभत्या जनावराला कायद्यानं नाव दिलं : 'सोडून दिलेली मालमत्ता'. जून १९१५ मध्ये त्याचे नियम निघाले, सप्टेंबरात कायदा झाला. कमिशनं बसली, याद्या झाल्या, शिक्के उठले. शेजाऱ्याला शेत, अंमलदाराला वाडा, उरलं ते सरकारजमा. कुऱ्हाड चालवणारे हजारो असतील. पण शेत मिळालेले, भांडी मिळालेले, वाड्यात राहायला गेलेले त्याहून कितीतरी जास्त. विसरायची गरज या लोकांना होती.

अंकाराजवळच्या चंकाया टेकडीवरचं मळ्यातलं घर कासाब्यान या आर्मेनियन व्यापारी घराण्याचं होतं. पुढं तेच मुस्तफा केमालचं निवासस्थान झालं, आणि २०१४ पर्यंत तुर्कस्तानचे राष्ट्राध्यक्ष चंकायालाच बसत. अशा घरात बसलेला माणूस 'विसरा' नाही म्हणणार तर काय म्हणणार?

प्रोफेसरांनी एका जुन्या व्याख्यानाचा दाखला दिला. ११ मार्च १८८२ रोजी पॅरिसच्या सॉर्बोनमध्ये एर्नेस्ट रेनाँ नावाच्या पंडितानं 'राष्ट्र म्हणजे काय' यावर भाषण केलं. त्याचं म्हणणं असं की राष्ट्र व्हायला लोकांनी मिळून पुष्कळ काही आठवावं लागतं आणि मिळून पुष्कळ काही विसरावंही लागतं. १५७२ साली पॅरिसात प्रॉटेस्टंटांची कत्तल झाली, ती प्रत्येक फ्रेंच माणसानं विसरलेली असली पाहिजे. पंडित खोटं बोलला नाही. राष्ट्राच्या पायात मढी असतात हे त्यानं भर सभेत कबूल केलं.

हा रेनाँ बाबासाहेबांनी वाचला होता. १९४० च्या 'थॉट्स ऑन पाकिस्तान'मध्ये त्यांनी त्याचा आधार घेतला. पण बाबासाहेब रेनाँची आरती करत बसले नाहीत. त्याचं माप घेऊन ते इथल्या जमिनीवर उतरले आणि तपासलं की हिंदू आणि मुसलमान हे दोन समाज आपापला भूतकाळ विसरू शकतात का. नाही, असं दिसलं. तसं लिहिलं. राष्ट्र म्हटलं की डोळे मिटून हात जोडणाऱ्यांची ही जात नव्हे. राष्ट्रालासुद्धा तराजूत घालणाऱ्याचा हा बाणा आहे.

माझा प्रश्न पुढचा आहे. विसरायचं कोणी? रेनाँ म्हणतो सगळ्यांनी मिळून. पण मारणारा आणि मेलेल्याचा पोर यांनी 'मिळून' विसरायचं म्हणजे काय? एकाच्या विसरण्यात दुसऱ्याचं घर पचतं. दुसऱ्याच्या विसरण्यात त्याचा बाप दुसऱ्यांदा मरतो. याला मिळून म्हणत नाहीत.

गोदीत माल चढतो-उतरतो तेव्हा टॅली ठेवतात. जहाजाचा माणूस आपली मोजतो, धक्क्यावरचा माणूस आपली मोजतो. दोन आकडे जुळले नाहीत की बोंबाबोंब. इतिहासाचंही तसंच आहे. एका बाजूची टॅली घेऊन गेट पास करायचा नसतो. आणि गंमत अशी की कधीकधी चोराची स्वतःची वहीच सापडते. गृहमंत्री तलात, ज्याच्या हुकमानं हद्दपारी झाली, त्यानं स्वतः आकडे टिपून ठेवले होते. त्याच्या बायकोनं ती वही जपली आणि २००८ साली ती तुर्कस्तानातच छापून आली. युद्धाआधी साडेबारा लाखांच्या वर आर्मेनियन, नंतर उरले पावणेतीन लाखांच्या थोडे वर. जवळजवळ ९ लाख ७२ हजार माणसं वहीतून गायब. ती कुठं गेली यावर वहीत अक्षर नाही. खुन्याच्या टॅलीत शॉर्टेज दिसतं, कारण दिसत नाही. कारण आपणच लिहायचं असतं.

विसर आपोआप पडत नाही, दोस्तांनो. विसर पाडावा लागतो. त्यालाही मजूर लागतात, कारकून लागतात, पोलीस लागतात, मास्तर लागतात. १९१९ साली इस्तंबूलच्याच लष्करी कोर्टानं तलातला फाशी सुनावली होती, तो जर्मनीत पळाला होता तरी. १९२१ साली बर्लिनच्या रस्त्यावर एका आर्मेनियन तरुणानं त्याला गोळी घातली आणि जर्मन कोर्टानं त्या तरुणाला सोडून दिलं. त्या खटल्यावरून पोलंडमधल्या राफाएल लेम्किन नावाच्या ज्यू तरुणाला प्रश्न पडला : एक माणूस मारला तर गुन्हा, आणि अख्खी जमात मारली तर त्याला कायद्यात नावच नाही? १९४४ साली त्यानंच 'जेनोसाईड' हा शब्द घडवला. पण १९२३ च्या लोझान तहात बड्या राष्ट्रांनी तुर्कस्तानशी हात मिळवले, तेव्हा त्या तहात 'आर्मेनिया' हा शब्दसुद्धा ठेवला नाही. १९४३ साली हिटलरच्या जर्मनीनं तलातची हाडं इस्तंबूलला परत पाठवली. तिथं ती इतमामानं पुरली, 'स्वातंत्र्याचं स्मारक' म्हणतात त्या टेकडीवर. मेलेल्यांना कबर नाही आणि मारणाऱ्याला स्मारक. अमेरिकेच्या संसदेला हा वंशसंहार होता असा ठराव दोन्ही सभागृहांत करायला २०१९ साल उजाडलं. तुर्कस्तानचं सरकार तो शब्द आजही मान्य करत नाही.

आणि जो आठवण काढतो त्याचं काय होतं? ह्रांत दिंक. इस्तंबूलमधला आर्मेनियन पत्रकार. १९९६ साली सहकाऱ्यांबरोबर 'आगोस' नावाचं साप्ताहिक काढलं, तुर्की आणि आर्मेनियन अशा दोन्ही भाषांत. आपल्या पत्रांसारखंच, पैशाची बोंब आणि जिवाला घोर. कलम ३०१ खाली 'तुर्कपणाचा अपमान' केला म्हणून कोर्टानं दोषी ठरवलं. १९ जानेवारी २००७ रोजी कचेरीच्या दारात १७ वर्षांच्या एका पोरानं मागून गोळ्या घातल्या. पकडल्यावर त्या पोराच्या हातात राष्ट्रध्वज देऊन अंमलदारांनी त्याच्यासोबत फोटो काढले. २०२३ साली तो पोरगा तुरुंगातून सुटला. दिंकच्या अंत्ययात्रेला मात्र लाखभर लोक लोटले आणि हातात फलक होते : आम्ही सगळे ह्रांत दिंक, आम्ही सगळे आर्मेनियन.

हे फलक धरणारे बहुतेक तुर्क होते, कुर्द होते. मारणाऱ्यांचे नातू-पणतू. 'आम्ही आर्मेनियन' हे वाक्य त्यांच्या तोंडात शोभतं, कारण त्यांना त्याची किंमत मोजावी लागत होती. आपण टपरीवर कटिंग पीत तेच वाक्य म्हणायचं ते फुकटात पडतं. म्हणून ते मला खुपलं.

कारण हिशेब नीट मांडा. तुर्की राष्ट्रवाद्यांना आर्मेनियनांची जागा हवी होती, माणूस नको होता. इथल्या व्यवस्थेला माणूस हवा आहे, पण 'आपल्या जागी'. गटारात उतरायला, मेलेलं ढोर ओढायला, गोणी उचलायला. ती आपल्याला संपवत नाही, वापरते. आणि जागा सोडली की मारते. खैरलांजी २००६ सालची. भोतमांगे कुटुंबातली चार माणसं मारली, ती मान खाली घालून जगत नव्हती म्हणून. ही वेगळी यंत्रणा आहे, तिला वेगळं नाव आहे आणि त्या नावानंच तिच्याशी लढलं पाहिजे. दुसऱ्याची मढी उसनी आणून आपलं दुःख मोठं होत नाही. उलट त्यांचंही पातळ होतं.

आपण शिकायचं असेल तर दुसरीकडं बघा. कुर्दांकडं. १९१५ साली सरकारनं कित्येक कुर्द टोळ्यांच्या हातात शस्त्रं दिली, धर्माची हाळी दिली, लुटीची आशा दाखवली. त्यांनी आर्मेनियन कापले. सगळ्यांनी नाही. देर्सिमच्या डोंगरात कुर्दांनी हजारोंना लपवलं, हेही लिहिलं पाहिजे. पुढं काय झालं? नवं राष्ट्र उभं राहिलं आणि कुर्दांची पाळी आली. भाषा दाबली. तुम्ही कुर्द नाहीच, पहाडी तुर्क आहात म्हणाले. १९२५ चं बंड चिरडलं. १९३७-३८ साली देर्सिममध्ये बायकापोरांसकट हजारो मारले. मरणाऱ्या आर्मेनियनांनी कुर्दांना आधीच बजावलं होतं असं कुर्द म्हातारे सांगतात : आम्ही सकाळची न्याहारी, तुम्ही दुपारचं जेवण.

हे वाक्य मला झोपू देत नाही. कारण आपल्या वस्त्यांतही हाळी देणारे येतात. टिळा लावतात, झेंडा देतात, गाडीत बसवतात, वडापाव आणि क्वार्टर देतात आणि पलीकडच्या मोहल्ल्याकडं बोट दाखवतात. कालपर्यंत आपल्याला पाण्याला शिवू न देणारा आज 'भाऊ' म्हणतो. दगड आपल्या पोराच्या हातात, एफआयआर आपल्या पोराच्या नावावर. पोरांनो, न्याहारीला कुणाला बसवलंय ते बघा आणि दुपारच्या जेवणाचा विचार करा.

आणि हे सगळं लांबचं आहे असंही समजू नका. आपल्या मुंबईची अलेक्झांड्रा गोदी, आताची इंदिरा गोदी, १९१४ सालीच उघडली. त्याच सालच्या ऑक्टोबरात मुंबई बंदरातून इंग्रजांची हिंदी फौज जहाजांनी इराणच्या आखाताकडं निघाली, उस्मानी साम्राज्याशी लढायला. पुणे डिव्हिजन. त्यात १०३, ११० आणि ११७ नंबरच्या मराठा पलटणी. सोबत भिस्ती, मेहतर, स्वयंपाकी, खेचरवाले. २९ एप्रिल १९१६ रोजी कुत-अल-अमारा इथं तेरा हजारांच्या आसपास माणसं कैद झाली. त्यांतल्या अनेकांना वाळवंटातून चालवत रास-अल-ऐनला नेलं आणि बगदाद रेल्वेच्या कामाला जुंपलं. जिथं आर्मेनियन मरत होते त्याच मुलखात. शिशिर सर्वाधिकारी नावाच्या बंगाली कैद्यानं ते डोळ्यांनी पाहिलं. डायरी सापडू नये म्हणून पानं फाडून बुटात लपवली. १९५७ साली त्याचं बंगाली पुस्तक आलं. तो लिहिणारा होता म्हणून राहिलं. भिस्ती आणि मेहतरांनीही तेच पाहिलं असेल. त्यांच्या हातात कुणी लेखणी दिली नव्हती, म्हणून ते त्यांच्याबरोबर गेलं. बसऱ्याला त्या लढाईतल्या मेलेल्यांचं स्मारक आहे. त्यावर गोऱ्या शिपायाचं नाव आहे, हिंदी ऑफिसरचं नाव आहे. साध्या हिंदी शिपायाचा फक्त आकडा आहे. ते स्मारक सांभाळणाऱ्या ब्रिटिश कमिशननं या भेदभावाची माफी मागितली २०२१ साली.

पुढं १९१९ पासून इथं खिलाफत चळवळ झाली, मुंबई तिचं ठाणं. इंग्रजाविरुद्ध एकी पाहिजे होती, खलिफाचा जयजयकार झाला. त्या गर्जनेत वाळवंटातल्या हाडांचा आवाज कुणाला ऐकायचा होता? आणि ज्या खलिफासाठी घसे फोडले त्याला तुर्कांनीच १९२४ साली घरी पाठवला. साम्राज्यवादाशी लढणारासुद्धा सोयीनं विसरतो, हे आपल्यासारख्या चळवळ्यांनी भिंतीवर लिहून ठेवावं.

मग आठवण राहते कुठं? बऱ्याचदा म्हाताऱ्यांच्या पोटात. फेतिये चेतिन ही तुर्कस्तानातली वकील बाई. तिची आजी सेहेर, नमाजी, साधी. उतारवयात आजीनं नातीला सांगितलं की माझं खरं नाव हेरानुश, मी आर्मेनियन, त्या तांड्यातून मला आईपासून ओढून काढलं. नातीनं २००४ साली पुस्तक लिहिलं आणि घराघरांतून लोक पुढं आले : आमचीपण आजी. सरकारनं नव्वद वर्षं दाबलेली गोष्ट एका म्हातारीनं तोंड उघडल्यावर बाहेर आली. आणि न्याहारी-जेवणाची गोष्ट कळलेल्या कुर्दांनी दियारबकीर शहरात आर्मेनियनांचं पडकं चर्च पुन्हा उभं करायला नगरपालिकेतून हात दिला. २०११ साली ते उघडलं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. प्रत्येक वस्तीत एक वही पाहिजे. त्यात म्हाताऱ्यांचं सांगणं तारीखवार उतरवा. कुणाची जमीन, किती, कुणी लाटली, गट नंबर काय. कुणाचं घर कुठल्या साली जळलं, पंचनामा झाला का, साक्षीदार कोण, आरोपी सुटले कसे. आकड्याजागी नाव लिहा, आईबापासकट. आणि आपल्या पोरांनी कुणाचं घर जाळलं असेल तर तेही त्याच वहीत लिहा. एका बाजूची टॅली आपणही ठेवायची नाही.

आम्ही पाळी संपवून बाहेर पडताना गेटवर डबासुद्धा उघडून दाखवतो, त्यात उरलेल्या चटणीशिवाय काही नसतं. तेव्हा राष्ट्राला पुढं जायचं असेल तर खुशाल जाऊ द्या. आमची ना नाही. फक्त गेटवर थांबून डबा उघडून जाऊ द्या.

जय भीम.